पाचवं पेव आणि दोन शिटांची गाडी

मी साताऱ्याच्या एका तंत्रनिकेतनात पोरांना वर्कशॉप शिकवते. अठरा वर्षं झाली. गाडीखाली शिरण्याआधी काय काय करायचं हे मी इतक्या वेळा सांगितलंय, की मला झोपेतून उठवून विचारलंत तरी घडाघडा म्हणून दाखवीन. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून माझे विद्यार्थी दात काढणार आहेत. काढा म्हणावं.

चाळिशी ओलांडल्यावर मी एक जुनी, लाल, दोन शिटांची स्पोर्ट्स कार घेतली. कशाला घेतली म्हणून विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. हौस होती, घेतली. पहिल्यांदा ती गावी नेली तेव्हा आईनं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "बाकीची कुठाय?" शेजारी राहणारा माझा चुलतभाऊ, ज्याच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या एकदम लागतात, तो म्हणाला, "आक्का, ह्यात बैलांसाठी उसाचं वाढं टाकायचं म्हटलं तर कुठं टाकायचं गं?" आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "चांगली हाय. पर ह्यात माणूस बसतो का निजतो?"

आमचं गाव सांगलीच्या पलीकडं, कृष्णेच्या काठावर. आण्णांनी सारी हयात हळदीच्या पेवांत काढली. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. वरचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि खाली खोलीएवढं पोट. आतून शेणामातीनं लिंपायचं, पाला लावायचा, हळद भरायची आणि तोंड बंद करून वर माती लोटायची. वर्षानुवर्षं हळद टिकायची. कुठल्या पेवात कुणाची हळद, ते कधी भरलं, कधी उघडायचं, हे सगळं आण्णांच्या डोक्यात. मग मोठा पूर आला, पेवांत पाणी शिरलं, आणि तो धंदाच बसला. आमच्या अंगणातली चार पेवं चुलतभावानं मुरूम टाकून बुजवली. त्या दिवशी आण्णा जेवले नाहीत.

त्यानंतर ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग किल्ली, मग माणसं. गेल्या पावसाळ्यात ते एकटेच सांगलीच्या बाजारात गेले आणि दुपारभर एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. घर कुठल्या दिशेला आहे ते आठवेना. एका ओळखीच्या रिक्षावाल्यानं आणून सोडलं. आईनं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती, आणि त्यामुळंच मला जास्त भीती वाटली.

मी ठरवून टाकलं. दोघांना साताऱ्याला न्यायचं. माझा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, खाली वॉचमन आहे, दवाखाना कोपऱ्यावर आहे. आई तयार झाली. आण्णा म्हणाले, "मी न्हाई येनार." मी म्हणाले, "येणार." पाच-सहा फोन असेच गेले. माझा स्वभाव त्यांच्यावरच गेलाय, दुसऱ्या कुणावर जाणार!

तर शुक्रवारी मी निघाले. गाडीचा सायलेन्सर कुजत आला होता, म्हणून नवा मागवून ठेवला होता. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हातोडा उचलला तरी सेक्रेटरी खाली येतात, म्हणून तो गावच्या अंगणात बसवायचा असा बेत. डिकीत जॅक, दोन घोड्या आणि पाने टाकले आणि डिकी संपली. घोड्या म्हणजे लोखंडी तिवया हो, गाडी उचलल्यावर तिच्या खाली लावतात त्या. नवा सायलेन्सर मग शेजारच्या शिटेवर तिरका बसवला आणि त्याला पट्टा लावला. टोलनाक्यावरच्या माणसानं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि आडवा दांडा वर केला.

उंब्रजजवळ एका गतिरोधकानं घात केला. खालून खाडकन आवाज आला आणि जुना सायलेन्सर मधोमध तुटला. तिथून सांगलीपर्यंत माझी गाडी जी काही ओरडत गेली, आई गं! माणसं उसातनं बाहेर येऊन बघत होती. गावात शिरले तेव्हा आई दारातच उभी होती. "कराड सोडलंस तवाच कळलं," ती म्हणाली.

रात्री जेवताना मी जाहीर केलं, "रविवारी गाडी दुरुस्त करायची, आणि सोमवारी आण्णा माझ्याबरोबर साताऱ्याला."

"आणि मी काय डिकीत?" आई म्हणाली.

"तू मागनं एसटीनं ये."

आण्णा भाकरी मोडत होते. ते म्हणाले, "गाडी झाली तर."

"होणारच."

"झाली तर," ते परत म्हणाले.

रविवारी सकाळी मी ओढणी कमरेला बांधली आणि कामाला लागले. आमच्या अंगणात कडुलिंबाखाली छान सपाट, सारवलेली, टणक जागा आहे. सावलीही आहे. गाडी तिथं लावली तोच आण्णा काठी टेकत आले.

"हितं नगं लावू. तिकडं गोठ्याकडं घे."

"तिकडं उतार आहे, आण्णा. उतारावर गाडी उचलत नाहीत."

"हितं खाली पेव हाय."

आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. "आवं, चारच हुती. चारी बुजिवली की," ती म्हणाली आणि माझ्याकडं बघून डोळ्यांनीच सांगितलं, बघ, असं चाललंय.

"पाच," आण्णा म्हणाले.

चुलतभाऊ दात कोरत आला. त्यानं लिंबाखाली दोनदा पाय आपटला. "काका, हितं मी भरलेली ट्रॉली उभी केलीया. उसाची! ही काडेपेटी काय घिऊन बसलाय?"

खरं सांगते, मला राग आला. पेव-बिव काही नाही, गाडी झाली तर साताऱ्याला जावं लागेल म्हणून हे खुसपट काढतायत, असं वाटलं. आणि तसं नसेल तर मग डोकं चालेनासं झालंय, हे दुसरं. दोन्हीतलं काहीही असलं तरी सोमवारी निघायलाच हवं होतं. मी गोठ्याकडं गाडी नेली नाही.

आता गाडी उचलायची कशी ते ऐका. ही गाडी इतकी बुटकी की जॅकच खाली जाईना. मग मागची चाकं हळूच दोन फळ्यांवर चढवली. चार बोटं उंची मिळाली, जॅक सरकला. मागची चाकं हवेत गेली की हँडब्रेकचा काही उपयोग नसतो, कारण तो मागच्याच चाकांना धरतो. म्हणून पुढच्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे. जॅक आणि गाडीच्या मध्ये टायरचा एक तुकडा, म्हणजे पत्रा चेपत नाही. थोडं उचला, थांबा, बघा, परत उचला. मग दोन्ही बाजूंना घोड्या लावा आणि गाडीचा भार जॅकवरून काढून घोड्यांवर द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जो शिरतो त्याला मी वर्गाबाहेर काढते. शेवटी मी स्टेपनी आडवी करून गाडीच्या कडेखाली सरकवली. समजा सगळंच फसलं, तर गाडी स्टेपनीवर बसेल, माणसावर नाही.

आण्णा बाजेवर बसून एकेक गोष्ट बघत होते आणि विचारत होते. "ते लाकूड कशाला?" सांगितलं. "ते चाक कशाला?" सांगितलं. माझ्या अठरा वर्षांत असा मन लावून ऐकणारा विद्यार्थी मला मिळाला नाही. मी कंबर लावून गाडीला दोन-तीन धक्के दिले. हलली नाही. चुलतभावानं धक्का दिला. हलली नाही.

"मग माणूस कवा जातो?" आण्णांनी विचारलं.

"आता," मी म्हणाले आणि पोतं अंथरून खाली बसले.

"आता न्हाई. आदी चा."

"आण्णा, चहा नंतर पिऊ. गंजलेले नट आहेत, सुटायला दुपार होईल."

"आदी चा," ते म्हणाले आणि काठी आडवी करून माझ्या आणि गाडीच्या मध्ये धरली.

हे त्यांचं पेवावरचं शिस्तीचं काम. कितीतरी वेळा मी लहानपणी बघितलेलं. पेव उघडलं की आत कोंडलेली वाईट हवा असते, तिच्यात माणूस बोलता बोलता जातो. म्हणून आधी तोंड उघडं ठेवायचं. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा, आणि वर बसून चहा प्यायचा. घाई न करता, बशीत ओतून. चहा संपेपर्यंत कंदील जळत राहिला तर माणूस उतरणार. विझला तर त्या दिवशी कुणी उतरणार नाही, मग व्यापारी कितीही बोंबलू दे. माणूस सगळ्यात शेवटी. त्यांच्या हाताखालचा एकही माणूस कधी पेवात राहिला नाही.

"आण्णा, हे पेव नाही. आणि इथं कंदील कुठाय?"

त्यांनी काठीचं टोक गाडीकडं केलं. "ह्यो काय, उभा केलायस की. लाल."

चुलतभाऊ फिदीफिदी हसला. "गप रं!" मी त्याच्यावर ओरडले, कारण आण्णांवर ओरडता येत नव्हतं. आईनं चहा आणला. मी रागारागानं फुंकर न मारता पहिला घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली. आण्णांनी बशीत ओतला, फुंकला, एक फुरका मारला, गाडीकडं बघितलं, दुसरा फुरका मारला. इतका सावकाश चहा पिणारा माणूस अख्ख्या तालुक्यात नसेल. मी मनात म्हटलं, हा वेळकाढूपणा आहे, दुसरं काही नाही. मी घड्याळ बघत होते.

त्यांची बशी अर्धी झाली असेल. आवाज फार मोठा आला नाही. आधी कुजलेलं लाकूड मोडावं तसं काहीतरी कुरकुरलं. मग उजवीकडची घोडी, मी स्वतः लावलेली, वीतभर खाली गेली. ती तिरकी झाली, तिच्याभोवतीची सारवलेली जमीन भाकरीसारखी तडकली, आणि बघता बघता घोडी गेली. गेली म्हणजे गायब. खोलवरून क्षणभरानं ठण्ण आवाज आला. गाडीचं बूड धाडकन त्या बाजूला बसलं आणि स्टेपनीवर अडकलं. मी जिथं पोतं अंथरलं होतं, त्याचं एक टोक त्या भोकात लोंबकळत होतं.

चुलतभावाच्या तोंडातली काडी खाली पडली. आईनं सूप बाजूला ठेवलं. मी हातातला कप जमिनीवर ठेवला. माझं डोकं त्या घोडीपासून हातभर अंतरावर असणार होतं. मीच ठरवलं होतं तसं.

आण्णांनी उरलेला चहा संपवला आणि बशी खाली ठेवली.

"इझला," ते म्हणाले.

मी खाली मान घालून त्यांच्या पायाशी बसले आणि रडले. लाजले नाही. चाळिशीतली, अठरा वर्षं नोकरी झालेली बाई अंगणात मोठ्यानं रडली. आण्णा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आगं, रडतीस कशाला? उतरली न्हाईस न्हवं? मग झालं."

मग आईला वाचा फुटली. "आवं, पन्नास वर्सं संसार केला तुमच्यासंगं, आन ह्ये पाचवं पेव कुठनं काडलं?"

"तू यायच्या आदी बुजिवलंय आबानं," आण्णा म्हणाले. "लिंबाच्या मुळ्या शिरल्या हुत्या. बुजिवलं म्हंजी काय, तोंडावर फळ्या टाकल्या आन माती लोटली. आतनं मोकळंच." सासऱ्यांचं नाव निघाल्यावर आईनं पदर डोक्यावर घेतला. चुलतभाऊ पुटपुटला की ट्रॉली खरंतर लिंबाच्या पलीकडच्या अंगाला उभी केली होती, आता आठवतंय.

गाडी काढायला अवजार लागलंच नाही. आवाज ऐकून गल्ली जमली होती. पुढं कुणी, बाजूला कुणी, असे आठ-दहा बाप्ये लागले, "हां, उचला!" म्हणाले आणि माझी स्पोर्ट्स कार बाजेसारखी उचलून चार पावलं पलीकडं ठेवली. पुस्तकात ही पद्धत नाही. मी वर्गातही सांगणार नाही.

मग जागा आण्णांनी निवडली. काठी आपटत ते अख्खं अंगण फिरले. टक, टक, थांब, टक. मागं मी, माझ्या मागं चुलतभाऊ, हूं की चूं न करता. गोठ्याजवळ, उताराच्या जरा अलीकडं, ते थांबले. "हितं हत्ती उभा कर," ते म्हणाले. तिथंही जरासा कल होताच, म्हणून पुढच्या चाकांना मी दुप्पट ठोकळे लावले. हरवलेल्या घोडीच्या जागी चुलतभावानं त्याच्या ट्रॅक्टरची जाडजूड घोडी आणून दिली. सगळं पहिल्यापासून केलं, एकही पायरी गाळली नाही. धक्के दिले. आणि मग मीच आईला हाक मारली, "आई, चहा टाक."

नट दुपारी दोनला सुटले. रॉकेल पाजून, शिव्या घालून. नवा सायलेन्सर चढवताना खालून मी म्हणायचे, "चौदाचा पाना," आणि बाजेवरून आण्णांचा हात यायचा. दोनदा त्यांनी बाराचा दिला. तिसऱ्यांदा मला विचारलं, "ही गाडी कुनाची गं?"

मी गाडीखाली उताणी पडले होते. वरती नवाकोरा पाइप, नाकात गंज. "माझी, आण्णा," मी म्हणाले.

"चांगली हाय," ते म्हणाले. "पर ह्यात माणूस बसतो का निजतो?"

म्हणजे ते विसरतायत, हे खरंच होतं. एका पेवानं ते खोटं ठरलं नाही. पण जमिनीच्या खालचं सगळं त्यांच्याजवळ शाबूत होतं, आणि मी त्यांना तिसऱ्या मजल्यावर न्यायला निघाले होते. तिथं ते काठी आपटणार होते ती कशावर? खालच्या भाडेकरूच्या छतावर.

संध्याकाळी आण्णांनी पाचव्या पेवात कंदील सोडला. बॅटरी घ्या म्हटलं तर ऐकेनात. बॅटरीला हवा कळत नाही, म्हणाले. कंदील खाली जाऊन विझला. त्यांनी तोंडावर फरशी टाकायला लावली आणि घोडी तिथंच राहू दे म्हणाले. चुलतभाऊ माझ्या शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "आक्का, बाजारला आजपास्नं मी जात जाईन त्यांच्यासंगं. मी हाय की हितं." मी त्याला सकाळी गप म्हटलं होतं, ते मला आठवलं.

सोमवारी सकाळी उठून बाहेर येते तर आण्णा गाडीत बसलेले. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, टोपी, गुडघ्यांमध्ये काठी. पिशवी आईनं डिकीत ठेवली होती. गाडी झाली होती, आणि गाडी झाली तर, असं ते म्हणाले होते. शब्द पाळायला ते विसरले नव्हते.

"चल," ते म्हणाले. समोर बघत.

मी पट्टा लावून दिला. गाडी सुरू केली. आवाज आता इतका गोड झाला होता की लिंबावरचे कावळेसुद्धा उडाले नाहीत. वेशीबाहेर पडले, पुलावरून कृष्णा ओलांडली, सांगलीत शिरले, बाजाराला वळसा घातला. ज्या पायरीवर ते दुपारभर बसले होते तिथून आम्ही गेलो, त्यांनी वळूनही बघितलं नाही. साताऱ्याचा रस्ता आला. मी गाडी हळू केली. मागनं ट्रकवाला हॉर्न मारत होता, मारू दे. मग मी वळवली. दुसऱ्या पुलावरून, उसाच्या कडेकडेनं, मळ्याच्या वाटेनं, परत आमच्या अंगणात येऊन थांबले. लिंबापासून लांब.

आण्णांनी टोपी सारखी केली. "आलं का सातारा?"

मी त्यांच्याकडं बघितलं. मिशीखाली हसू होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

"आलं, आण्णा," मी म्हणाले.

त्यांना त्या गाडीतून बाहेर काढायचं म्हणजे दोन्ही हात धरून ओढावं लागतं. बाहेर आल्यावर त्यांनी काठी आपटली. एकदा, दोनदा. चार पावलं गेले, परत आपटली. "हिकडं येऊ नगं," ते मला म्हणाले, "खाली पेव हाय." मग त्यांनी घराकडं बघितलं, गोठ्याकडं बघितलं, दारात उभ्या असलेल्या आईकडं बघितलं. "झ्याक हाय सातारा," ते म्हणाले. "हितंच ऱ्हाऊ."

मी डिकी उघडून त्यांची पिशवी काढली आणि घरात नेऊन ठेवली.